एकवीस नंबरची गोळी

“हा चहा आहे, की चहाचं भांडं विसळलेलं पाणी?”

प्रेमला घैसास एवढ्या मोठ्याने बोलल्या, की तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर बसलेली माणसंही वळून पाहू लागली. कप पुढे धरलेली त्यांची मुलगी उल्का तशीच उभी राहिली. मग तिने कप खिडकीत ठेवला आणि ओढणी तोंडाला लावून रडायला लागली.

“अगं, नावं चहाला ठेवली, तुला नाही,” प्रेमलाताई म्हणाल्या. बोलताना त्यांची एक भुवई वर गेली आणि ओठांची कड किंचित वाकडी झाली.

टेबलापलीकडे डॉ. आबेदा अत्तार रक्तदाबाचा पट्टा गुंडाळत होती. तो तिच्या हातातच राहिला. ती त्या भुवईकडे पाहत होती. गेल्या वर्षभरात तिने हा चेहरा अनेकदा तपासला होता, पण त्यावरची एक रेघही कधी हलताना पाहिली नव्हती.

“मॅडम, आई अशीच होती,” उल्का डोळे पुसत म्हणाली. “आजारी पडायच्या आधी. अगदी अश्शीच.”

प्रेमलाताईंनी मुलींच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. शेवटी त्या उपमुख्याध्यापिका झाल्या. त्यांच्या बोलण्याला शाळेतले शिपाईच काय, संस्थेचे चिटणीसही वचकून असत. निवृत्तीनंतर त्यांना कंपवात झाला. हात फारसे कापत नसत. अंग मात्र ताठत गेलं, आवाज खोल गेला आणि चेहरा थिजला. नेहमीच्या गोळ्यांनी आधी बरं वाटलं. पुढे पुढे गोळीचा असर तास-दीड तासात उतरायचा, आणि असर असेपर्यंत मान नि खांदे वेडेवाकडे हलत राहायचे. त्यातच त्यांचे यजमान वारले. नारायण पेठेतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये माणसं भेटायला आली, आणि कोचावर कोरड्या डोळ्यांनी बसलेल्या प्रेमलाताईंना बघून जिन्यात एकमेकांना म्हणाली, “दगडाचं काळीज हो बाईचं.” हे उल्काने ऐकलं होतं. दार उघडं असल्यामुळे प्रेमलाताईंनीही ऐकलं होतं.

आबेदाचा आणि पेशंटांचा तसा संबंध नव्हता. ती एमडी झाली ती औषधशास्त्रात, आणि दवाखाना न थाटता एका संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत शिरली. रविवार पेठेत तिच्या वडिलांचं अत्तराचं दुकान होतं; आता ते धाकटा भाऊ इम्तियाज चालवायचा. नातेवाइकांना आबेदाचं काम कधी समजलंच नाही. “डाक्टर है, पर सुई नहीं लगाती,” असं तिची आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. आबेदाने लग्न केलं नाही. मेंदूतल्या पेशींवरच्या रिसेप्टरांचा अभ्यास करता करता तिची वीसेक वर्षं गेली, आणि त्यातून जो रेणू हाती लागला त्याला संस्थेत सगळे नुसतं ‘एकवीस नंबर’ म्हणायचे. त्याच्या आधीचे वीस फुकट गेले होते.

एकवीस नंबर माणसांना देऊन पाहायची परवानगी आली, तेव्हा मेंदूविकारांच्या डॉक्टर हेमा लागू यांनी आपले पेशंट सुचवले. घेणाऱ्या प्रत्येकाला औषध समजावून सांगायचं आणि दर तपासणीला हजर राहायचं काम आबेदाने स्वतःकडे घेतलं. प्रेमलाताईंना तिने सांगितलं होतं, “रिसेप्टर म्हणजे पेशीवरची एक खुर्ची असं समजा. तिच्यावर एक रसायन येऊन बसलं, की काम सुरू होतं. तुमच्याकडे ते रसायन कमी पडतंय, खुर्च्या रिकाम्या आहेत. आमचं औषध त्या खुर्चीवर बसतं.”

प्रेमलाताईंनी थिजलेल्या चेहऱ्याने ऐकून घेतलं होतं, आणि मग अगदी बारीक आवाजात काहीतरी म्हणाल्या होत्या. उल्काने कान लावून ते मोठ्याने सांगितलं, “आई म्हणतेय, म्हणजे प्रभारी मुख्याध्यापक.”

त्या दिवशी आबेदाला हसू आलं होतं. ही बाई आत पूर्ण जागी आहे, हे तिला तेव्हाच कळलं होतं.

चहाच्या त्या प्रसंगानंतरचे महिने चांगले गेले. प्रेमलाताई मंडईत जाऊन स्वतः भाजी आणू लागल्या. गवार जून निघाली म्हणून एकदा परत करायला गेल्या. एका संध्याकाळी जेवायला बसल्या असताना एकाएकी त्यांना रडू फुटलं. यजमानांना जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. उल्का म्हणाली, “आई रात्रीपर्यंत रडत होती, मॅडम. मी तिला थांबवलं नाही. शेजारच्या काकू धावत आल्या, काय झालं म्हणून. आई म्हणाली, काही नाही, राहिलं होतं ते.”

आबेदाने हे घरी इम्तियाजला सांगितलं. पेशंटबद्दल घरी ती कधी बोलत नसे. इम्तियाज दुकानाचा हिशेब बाजूला ठेवून ऐकत राहिला आणि म्हणाला, “आपा, आज अब्बा होना था.”

औषध घेणाऱ्यांत बजरंग शेलार होते. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले, अंगाने दणकट. त्यांचे हात इतके कापायचे, की जेवण बायकोने भरवायला लागे. एकवीस नंबर सुरू झाल्यावर ते पुन्हा सायकल चालवू लागले, आणि एकदा तर तपासणीला खडकीहून सायकलवर आले. डॉ. लागू रागावल्या तेव्हा म्हणाले, “मॅडम, रिक्षाला काय, कधीबी बसता येतंय.”

पावसाळा संपता संपता ते रिक्षाने आले. एक जिना चढून बाकावर बसले आणि बराच वेळ बोलू शकले नाहीत. आबेदाने त्यांच्या पायावर बोट दाबलं. बोट उचललं तरी खड्डा तसाच राहिला.

हृदयाची सोनोग्राफी झाली. झडप जाड झाली होती. मिटताना नीट मिटत नव्हती, रक्त मागे येत होतं.

“लहानपणी सांधेताप झाला असेल, त्याने झडपा बिघडतात,” डॉ. लागू म्हणाल्या. “गावाकडे मोठी झालेली माणसं. खूप जणांचं असं निघतं.”

“असेल,” आबेदा म्हणाली. पण परदेशात वजन कमी करायच्या काही गोळ्यांनी लोकांच्या झडपा अशाच जाड झाल्याचं तिने वाचलं होतं. तेव्हा तो लेख तिने वाचून ठेवून दिला होता. तिचं क्षेत्र मेंदू होतं.

प्रयोगशाळेत येऊन ती नुसती खुर्चीवर बसून राहिली. एकवीस नंबर कुठल्या कुठल्या रिसेप्टरांवर बसतो हे त्यांनी तपासलं होतं, पण ते सगळे मेंदूतले. हृदयाच्या झडपेवरचा तो एक रिसेप्टर कुणी तपासला नव्हता. तपासायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. त्या पेशी मागवून, वाढवून प्रयोग करण्यात काही आठवडे गेले. निकाल आला तेव्हा तिने प्रयोग पुन्हा केला. मग तिसऱ्यांदा केला. एकवीस नंबर तिथे बसत होता. नुसता बसत नव्हता, मेंदूत बसायचा त्याहून घट्ट बसत होता.

संस्थेचे संचालक डॉ. दीनानाथ केसकर यांनी आलेख पाहिले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“आबेदाबाई, हे बशीतल्या पेशींवर आहे. माणसात असंच होईल कशावरून?”

“शेलारांची झडप आहे ना, सर.”

“एक माणूस. त्याची आधीची तपासणी आहे आपल्याकडे? नाही. मग?” त्यांनी आवाज खाली आणला. “हे बघा, मात्रा कमी करू. सहा महिने लक्ष ठेवू. एवढ्यात बाहेर बोभाटा नको. पुढच्या टप्प्याची बोलणी चालू आहेत, तुम्हाला माहीत आहे.”

“मी सगळ्यांची हृदयाची तपासणी सांगितलीय, सर. कालपासून सुरू झाली.”

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर तुम्ही सहा महिने थांबायला सांगितलं असतं.”

केसकरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. माणूस वाईट नव्हता. आबेदाला प्रयोगशाळेत पहिली जागा त्यांनीच दिली होती, आणि एकोणीस, वीस नंबर फुकट गेले तेव्हा तिच्या पाठीशीही तेच उभे राहिले होते. आठवड्याभरात तपासण्यांचे निकाल त्यांच्या टेबलावर आले. निम्म्याहून जास्त जणांच्या झडपा जाड होत चालल्या होत्या. कुणाची थोडी, कुणाची बरीच. त्यांनी ते कागद दोनदा चाळले.

“बंद करायचं, असं पत्र तुम्ही लिहा. सही मी करतो,” ते म्हणाले. आबेदा दारापर्यंत गेली तेव्हा त्यांनी विचारलं, “दुसरं काही नाही करता येणार? रेणू थोडा बदलून?”

“बदलेन ना. पण त्यात दहा वर्षं जातील, सर.”

हिशेब दोघांनाही कळत होता. तिला निवृत्त व्हायला तेवढी वर्षं उरली नव्हती.

प्रेमलाताईंना फोनवर सांगणं तिच्याने होईना. ती नारायण पेठेत गेली. प्रेमलाताई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मेथी निवडत होत्या. त्यांची बोटं भराभर चालली होती.

“या. सोनोग्राफीवाल्या मुलाने काही सांगितलं नाही. नुसता हं हं करत होता. तेव्हाच म्हटलं, काहीतरी आहे.”

आबेदाने सांगितलं. सांगताना तिची वाक्यं डॉक्टरी होत गेली. प्रेमलाताईंनी हात वर केला.

“थांबा. मला कळेल असं बोला. तो तुमचा प्रभारी. त्याने काय केलं?”

“तो आणखी एका ठिकाणी जाऊन बसतोय. हृदयाच्या झडपेवर. तिथे त्याची गरज नव्हती. तो बसला की झडप जाड होत जाते.”

“माझी किती झालीय?”

“थोडी. आत्ता थांबलो तर बहुतेक आहे तिथेच राहील.”

“आणि नाही थांबलो तर?”

“शेलार म्हणून एक गृहस्थ आहेत. त्यांना आता आडवं झोपता येत नाही. धाप लागते. उशांना टेकून बसून झोपतात.”

प्रेमलाताईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. “मी अडुसष्ट वर्षांची आहे. गोळी बंद केली की काय होणार, ते तुमच्यापेक्षा मला जास्त माहीत आहे. मी परत भिंत होणार. लोक येणार आणि माझ्याशी लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्याने बोलणार. मी समोर बसलेली असताना उल्काला विचारणार, यांना साखर चालते का? मला सगळं ऐकू येत असतं, डॉक्टर. आत मी उत्तरं देत असते. फार चांगली चांगली उत्तरं. ती बाहेर येत नाहीत.”

आबेदाने मान खाली घातली.

“हृदय माझं आहे. कशासाठी झिजवायचं ते मी ठरवीन. हवं तर लिहून देते.”

“मला नाही चालणार.”

“तुम्हाला चालायचा प्रश्न येतोच कुठे?”

“गोळी माझ्या हातून जाते, ताई.”

प्रेमलाताईंनी मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली. मग प्रेमलाताईंनी हळूच विचारलं, “तुमच्या कपाटात असतील ना अजून? थोड्या?”

“आहेत.”

“मग?”

आबेदा उठली. जिन्यात उल्का मागून धावत आली. “मॅडम, तिच्या बोलण्याचा राग मानू नका.” आणि मग कठडा धरून म्हणाली, “ती भांडायला लागली ना, की मला बरं वाटायचं हो. सकाळी उठल्या उठल्या मी मुद्दाम काहीतरी चुकवायची.”

दुसऱ्या दिवशी उरलेल्या गोळ्या मोजून भांडारात जमा करायच्या होत्या. आबेदाने कपाट उघडलं आणि एक बाटली पर्समध्ये टाकली. अगदी सहज, रुमाल टाकावा तशी. दुपारपर्यंत ती पर्स तिच्या खुर्चीला लटकत होती. मात्रा निम्मी केली तर? दर महिन्याला तपासणी केली तर? एवढ्या सगळ्यांत एकीला चालू ठेवलं तर कुणाला कळणार आहे? तिने कागदावर मात्रेचा हिशेबसुद्धा मांडला. प्रयोगाच्या आलेखांचा गठ्ठा शेजारीच पडला होता. निम्म्या मात्रेलाही रेणू तिथे बसत होता. तिनेच तीनदा पाहिलं होतं.

तिने पर्समधली बाटली काढली आणि भांडारात नेऊन दिली. परत येऊन खोलीचं दार लावलं आणि टेबलावर डोकं टेकून बसून राहिली.

गोळ्या हळूहळू कमी करत बंद केल्या. एकदम थांबवणं धोक्याचं असतं. प्रेमलाताई डॉ. लागूंकडे तपासणीला येत, पण आबेदा दिसली की भिंतीकडे बघत. पुढे पुढे त्या मुद्दाम तिकडे बघतात, की मानच वळत नाही, हे ओळखता येईना.

बजरंग शेलारांची झडप बदलायची शस्त्रक्रिया झाली. त्यातून ते उठले नाहीत.

आबेदा एकटीच खडकीला गेली. दोन खोल्यांचं घर होतं. त्यांची बायको तुळजाबाई जमिनीवर बसली होती. आबेदा तिच्यासमोर बसली. येताना वाटेत जुळवलेली वाक्यं आता तिला आठवेनात.

“आमच्या औषधाने झालं, तुळजाबाई,” ती म्हणाली. “मी शोधलेल्या.”

तुळजाबाईने तिच्याकडे पाहिलं. “ठावं हाय. लागू म्याडमनी सांगितलं.” मग ती लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत राहिली. “त्यांना मी दोन वर्सं भरवलं. मानूस मान वर करून बघत नव्हता माझ्याकडं, लाज वाटायची म्हनून. तुमची गोळी आली, न् पहिल्या दिशी त्यांनी आपल्या हातानं भाकर मोडली. मला म्हनले, तू बी बस जेवायला.” तिने बोटावरचा पदर सोडला. “तुमाला काय म्हनू मी? शिव्या देऊ, का पाया पडू? मला कळंना झालंय.”

तुळजाबाईने तिला जा म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. आबेदा उजेड कमी होईपर्यंत तिथे बसून राहिली.

त्यानंतर दिवसभर काम करून ती घरी यायची, आणि इम्तियाजने काही विचारलं तर एका शब्दात उत्तर द्यायची. रेणूचा कुठला भाग कापला तर तो झडपेवर बसणार नाही, हे शोधायचं काम तिने सुरू केलं होतं. केसकरांनी तिला त्यासाठी एक खोली आणि एक सहायक दिला. कामाचा नंबर बावीस होता. संस्थेत आता त्याचं नाव कुणी फार घेत नसे.

वर्ष उलटलं. दिवाळी तोंडावर आली होती आणि रमजानही चालू होता. एका दुपारी उल्काचा फोन आला. “मॅडम, आईने बोलावलंय. सारखं तेच म्हणतेय, म्हणजे, म्हणतेय असं मला वाटतंय.”

आबेदा संध्याकाळच्या सुमारास गेली. प्रेमलाताई त्याच टेबलाशी खुर्चीत बसल्या होत्या. पाठ वाकली होती. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. पापणीही फार वेळाने लवत होती. समोर ताटलीत मंडईतून आणलेली संत्री होती.

आबेदा शेजारची खुर्ची ओढून बसली. मग म्हणाली, “नवीन औषधावर काम चालू आहे, ताई. पण ते इतक्यात...”

प्रेमलाताईंचे ओठ हलले. आबेदाने कान त्यांच्या तोंडाजवळ नेला.

“उल्का म्हणते... मी अजून रागावलेय तुमच्यावर.”

“रागवायचा तुम्हाला हक्क आहे.”

“चेहऱ्यावरून... ठरवू नका.”

आबेदा तशीच वाकून राहिली. श्वास घेऊन प्रेमलाताईंनी पुढचं वाक्य जमवलं. “शेलारांचं... कळलं मला. माझं पण... तेच झालं असतं.”

“हो.”

“तुम्ही... बरोबर केलंत. मला... आवडलं नाही. दोन्ही... खरं आहे.”

उल्का ओट्याशी पाठ करून उभी होती. आबेदाला डोळे पुसायला रुमाल सापडेना.

प्रेमलाताईंचा हात ताटलीकडे निघाला. संत्र्यापर्यंत पोचायलाच त्याला बराच वेळ लागला. त्यांनी एक संत्रं उचलून स्वतःपुढे घेतलं आणि अंगठ्याचं नख त्याच्या देठाशी टेकवलं. नख घसरलं. त्यांनी ते पुन्हा टेकवलं.

“आई, दे, मी सोलते,” उल्का पुढे आली. “आणि अगं, मॅडमना आत्ता चालणार नाही. त्यांचा रोजा असेल.”

प्रेमलाताईंची मान वळली नाही, फक्त डोळे तिच्याकडे वळले. ओठ पुटपुटले. या वेळी आबेदाला जवळ जावं लागलं नाही, घर एवढं शांत होतं.

“माहितेय. हे सोलून होईपर्यंत... सुटेल.”

उल्काच्या तोंडून हसू निसटलं. मग ती आली आणि तिसऱ्या खुर्चीवर बसली. तिने हात मांडीवर ठेवून दिले. आबेदानेही आपले हात टेबलावरून खाली घेतले.

बाहेर कुणाच्या तरी गॅलरीत आकाशकंदील टांगायचं काम चाललं होतं. नख देठाशी रुतलं, थांबलं, पुन्हा रुतलं. बऱ्याच वेळाने सालीचा पहिला तुकडा सुटला. प्रेमलाताईंनी तो टेबलाच्या कडेला ठेवला आणि दुसऱ्याला हात घातला.